दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये गाणं ऐकायला किती खर्च करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉल दहा बाय चौदा, एक खिडकी रस्त्याकडे. बाबा साठीला निवृत्त झाले आहेत. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं. चाळीसेक रेकॉर्ड बारा वर्षं माळ्यावर पडून आहेत. एका शोरूमने साडेतीन लाखांचं कोटेशन दिलंय: दोन टॉवर स्पीकर (जमिनीवर उभे राहणारे उंच), वेगळा सबवूफर (फक्त अगदी खालच्या स्वरांचा स्पीकर), १५० वॉटचा ॲम्प्लिफायर आणि २८ हजारांची नुसती केबल. ऑफिसमधला मित्र म्हणतो, पाच हजारांचा ब्लूटूथ स्पीकर घे आणि मोकळा हो. तुम्हाला कळत नाहीये की या दोघांच्या मध्ये कुठे थांबायचं.

मी सत्तावीस वर्षं ॲम्प दुरुस्त करते आणि लोकांच्या घरी सिस्टीम बसवून देते. सुरुवात लॅमिंग्टन रोडवर वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाली. मी कुठल्या कंपनीचा माल विकत नाही, म्हणून आकडे मोकळेपणाने सांगते.

तुमच्यासाठी माझा आकडा सगळं धरून एक लाखाच्या आतबाहेर. त्यातले दहा-बारा हजार खोलीवर. रेकॉर्ड वाजवायच्याच असतील तर वर आणखी तीसेक हजार. त्याच्या पुढे घातलेला पैसा तुमच्या हॉलमध्ये बाबांच्या कानापर्यंत पोचेल असं मला वाटत नाही. आणि पाच हजारांचा डबा घेतलात तर दोन महिन्यांत ते पुन्हा मोबाइलवरच ऐकू लागतील. हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आता हा आकडा का, ते नीट सांगते. कारण तुमची परिस्थिती थोडी वेगळी असली तर आकडाही बदलेल, आणि तो कसा बदलायचा हे तुम्हालाच ठरवता आलं पाहिजे.

लोक विचारतात, चांगली सिस्टीम केवढ्याला येते? त्याला अंत नाही. मुंबईत पन्नास लाखांचे स्पीकरही मिळतात. विचारायचं ते असं: माझ्या खोलीत, माझ्या कानाला, मी जे ऐकतो त्यासाठी, कितव्या रुपयानंतर फरक ऐकू येणं बंद होतं? खोली, कान आणि गाणं ही तिन्ही तुमच्याकडे आधीच आहेत, दुकानात मिळत नाहीत. म्हणून सुरुवात तिथून करू.

आधी गाणं. बाबा जे ऐकतात त्यात आवाज किती खाली उतरतो? पुरुष गायकाचा षड्ज पेटीच्या काळी एकला असेल तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांवर असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झला. बाईंचा षड्ज काळी चारला धरला तर २०८ आणि खर्ज १०४. डग्ग्याची घुमक साधारण साठ-सत्तरपासून वर. म्हणजे या संगीतात ६० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच नाही. पाच-सहा इंची वूफरचा (खालचे स्वर काढणाऱ्या भागाचा) बरा बुकशेल्फ, म्हणजे छोटा स्पीकर तिथपर्यंत आरामात उतरतो. सबवूफरचं काम सुरू होतं तेच त्याच्या खाली. चित्रपटातले स्फोट आणि क्लबचं संगीत यांना तो लागतो, यमनाला नाही. कोटेशनमधला सबवूफर इथेच खोडा.

या गाण्याचा खरा कस वरच्या आणि मधल्या पट्टीत लागतो. तानपुऱ्याची जवारी घ्या. तार छेडल्यावर जो झंकार उमलत जातो तो मूळ स्वराच्या पटींतल्या स्वरांचा असतो, आणि त्या पटी काही हजार हर्ट्झपर्यंत चढतात. हलक्या स्पीकरवर चार तारांचा मिळून एकच गुंजारव होतो. चांगल्यावर पंचम, जोड आणि खर्ज वेगवेगळे मोजता येतात, आणि गवई आलापात थांबला की मागचा तानपुरा पुढे येऊन उभा राहतो. स्पीकर निवडायला माझी दुसरी परीक्षा मराठी उच्चारांची. चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळे आहेत, आणि त्यांच्यातला फरक बराचसा तीन हजार हर्ट्झच्या वर असतो. माणिकबाईंसारखा (माणिक वर्मा) किंवा बाबूजींसारखा (सुधीर फडके) स्वच्छ शब्दोच्चार लावून पाहा. दोन्ही ‘च’ सारखेच वाटले, किंवा ‘स’ आणि ‘श’ कानात टोचले, तर तो ट्वीटर (वरचे स्वर काढणारा भाग) नको. ही परीक्षा मला कुठल्याही मासिकातल्या आलेखापेक्षा जास्त उपयोगी पडलीये, कारण मराठी माणसाचा कान या अक्षरांवर लहानपणापासून तयार झालेला असतो.

आता खोली. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुंबईत सगळे पैसे इथेच वाया जातात.

दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आणि ठरावीक स्वरांवर घुमतो. हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की पहिला घुमणारा स्वर मिळतो. तुमच्या दहा फुटांसाठी तो ५७ हर्ट्झ, चौदा फुटांसाठी ४०, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर ६०. ५७ आणि ६० किती जवळ आहेत बघा. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन्ही मिळून जवळजवळ एकाच स्वरावर जोर लावतात, आणि तो स्वर डग्ग्याच्या घुमकेला अगदी खाली लागून आहे. अशा हॉलमध्ये मोठे टॉवर स्पीकर आणले की ‘धा’ची घुमक पुढच्या मात्रेवर सांडते. गिऱ्हाईक मला फोन करून म्हणतं, तबला चिखलात वाजतोय. स्पीकर उत्तम असतो. जागाच तेवढी आहे.

ठाण्याला एका घरी असंच बोलावलं होतं. सहा लाखांची सिस्टीम, टॉवर स्पीकर टीव्हीच्या युनिटला दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटवलेले, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, समोर उघडी भिंत, खिडकीला पातळ पडदा. मालक ॲम्प बदलायच्या विचारात होते. मी त्यांना तीन दिवस थांबा म्हटलं. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले, आतल्या बाजूला थोडे वळवले. बसण्याची जागा मागच्या भिंतीला टेकलेली होती, ती दोन फूट पुढे घेतली. स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या टाइल्सवर जाड सतरंजी टाकली, खिडकीला दुहेरी पडदा लावला. ॲम्प आजही तोच आहे. त्या घरच्या आजींनी मला विचारलं, तू आत काय बदललंस? आत मी हातही लावला नव्हता.

म्हणून खोलीवरचे दहा-बारा हजार मी आधी बाजूला काढायला सांगते. जाड कापडाचा, चुण्यांचा, भिंतभर पडदा. स्पीकर आणि ऐकणारा यांच्यामध्ये जमिनीवर गालिचा किंवा सतरंजी. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर फारच चांगलं; लहान-मोठ्या आकाराची पुस्तकं आवाज विखुरतात, आणि मराठी घरात पुस्तकं विकत आणावी लागत नाहीत. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते: पडदा आणि सतरंजी वरचा कर्कशपणा कमी करतात, खालची घुमक नाही. घुमकेवर उपाय दोनच: स्पीकर आणि बैठक यांची जागा बदलणं, आणि लहान स्पीकर घेणं.

जागा ठरवायची साधी रीत अशी. दोन स्पीकर आणि बाबांची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा, सहा-सात फुटांचा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. त्यासाठी स्टँड हवेत. आयात केलेले घेऊ नका, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी बनवून घ्या आणि पाइपात कोरडी वाळू भरा. भिंतीपासून फूटभर तरी पुढे ठेवणं तुमच्याकडे जमत नसेल, तर ज्या स्पीकरचं हवेचं भोक पुढच्या बाजूला आहे किंवा जो पूर्ण बंद आहे तोच निवडा. मागे भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला की घुमतो. शोकेसच्या कप्प्यात तर कुठलाच स्पीकर कोंबू नका.

खोलीचा दुसरा भाग म्हणजे बाहेरचा गोंगाट. मुंबईत संध्याकाळी रस्त्याकडच्या हॉलमध्ये पंखा चालू ठेवून मी मोजते तेव्हा ४५ ते ५० डेसिबल (आवाजाच्या मोठेपणाचं माप) मिळतात, आणि रिक्षाचा हॉर्न वाजला की तो त्याच्या खूप वर जातो. घरात माणूस गाणं साधारण ७०-७५ डेसिबलला ऐकतो. म्हणजे विलंबितातला नाजूक भाग, जिथे आवाज वीस-पंचवीस डेसिबल खाली येतो, तो पंख्याच्या आवाजात बुडतो. सीडीत ९६ डेसिबलचा पल्ला असतो आणि तुमच्या हॉलमध्ये त्यातले कसेबसे तीस-चाळीस वापरात येतात. मग त्याहून बारीक रेकॉर्डिंगसाठी, चोवीस बिटांच्या यंत्रासाठी पैसे का द्यायचे? त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या फटीतली लोकरी पट्टी बदलून घ्या. दहा वर्षांत ती झिजून नाहीशी झालेली असते. खर्च काही शे रुपये आणि फरक पहिल्या संध्याकाळी कळतो. पंख्याचा रेग्युलेटर सतत फिरणारा, दिव्याच्या डिमरसारखा असेल तर तो बदलून कपॅसिटरचा पायऱ्यापायऱ्यांचा लावा. पहिल्या प्रकारामुळे पंखाही गुणगुणतो आणि कधीकधी ॲम्पमध्येही घरघर येते.

आता कान. हा विषय घरात काढायला लोक कचरतात, पण मी काढतेच. साठीला बहुतेकांना दहा-बारा हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. हा दोष नाही, वयाचा भाग आहे. सीडी २० हजारांपर्यंतचा आवाज साठवते. १९८२ साली ती बाजारात आली तेव्हाच माणसाच्या कानाची हद्द गाठली गेली होती. त्याहून वरचं देणाऱ्या फाइलींसाठी जादा पैसे मोजणं बाबांच्या उपयोगाचं नाही. पण कानाची तपासणी जरूर करून घ्या. पार्ल्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची तक्रार होती की डावा स्पीकर मंद झालाय. मी डाव्या-उजव्याची अदलाबदल केली. तरी डावाच मंद. तारा बदलल्या, तरी डावाच. मग त्यांना खुर्चीत उलटं बसवलं, तेव्हा म्हणाले, आता उजवा मंद झाला. कानात मळ होता. डॉक्टरांनी दहा मिनिटांत काढला. ते स्पीकर विकायला निघाले होते. सिस्टीमवर लाख रुपये घालण्याआधी ऑडिओमेट्रीवर काही शे रुपये घाला. वरचे स्वर फारच कमी ऐकू येत असतील तर टोनचं बटण असलेला ॲम्प घ्यायचा, एवढं तरी त्यातून नक्की ठरतं.

टोनच्या बटणावरून आठवलं. महागड्या ॲम्पवर बेस, ट्रेबल, लाउडनेस ही बटणं बऱ्याचदा नसतात, आणि ती नसणं हीच शुद्धता असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. आवाज हळू केला की माणसाच्या कानाला खालचे स्वर जास्त वेगाने कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर शेजाऱ्यांचा विचार करून हळूच ऐकावं लागतं, आणि तेव्हा डग्गा गायब होतो. लाउडनेसचं बटण तेवढीच भर घालतं. मुंबईच्या घराला ते हवंच.

ॲम्पच्या ताकदीचा हिशेब मांडते, कारण कोटेशनमधले १५० वॉट त्याशिवाय खोडता येणार नाहीत. साधा बुकशेल्फ स्पीकर एक वॉट दिल्यावर एक मीटरवर ८६ डेसिबलच्या आसपास वाजतो. अडीच मीटरवर ते ७८ होतात, दोन स्पीकर मिळून ८१, आणि खोलीच्या भिंती त्यात थोडी भरच घालतात. बाबा ७५ला ऐकणार. म्हणजे सरासरीला पाव वॉट. तबल्याची थाप किंवा तान सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळली तर पंचवीस वॉट लागतील. चाळीस-पन्नास वॉटचा ॲम्प घेतलात की झालं. ५० चे १०० वॉट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट मोठा वाटायला दहापट वॉट लागतात. चांगल्या कंपनीच्या तीस हजारांच्या आणि दीड लाखाच्या ॲम्पमधला फरक, दोन्हींचा आवाज मीटरने अगदी सारखा केल्यावर, माझ्या दुकानात डोळे झाकून आजवर फार थोड्यांना ओळखता आलाय. मीही त्या ओळखता न येणाऱ्यांत आहे, आणि माझं पोट याच कामावर चालतं.

काहीजण व्हॉल्व्हचा (जुन्या धर्तीच्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प सुचवतील. आवाज गोड असतो, दिसतोही देखणा. पण तो दोन-तीनशे वॉट वीज नुसती उष्णतेत घालवतो, आणि मे महिन्यात बिनएसीच्या हॉलमध्ये तो कोणी लावत नाही.

केबलचं एका परिच्छेदात संपवते. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण आठ ओहम. ॲम्पपासून स्पीकर पाच मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तार, रोध ०.०८ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्का. त्यामुळे इलेक्ट्रिकच्या दुकानातली चांगल्या कंपनीची लवचीक तांब्याची दोन पदरी वायर घ्या, हजार-दीड हजारात सगळं होतं. २८ हजार वाचले, आणि त्यात चांगला ॲम्प येतो. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचा बोर्ड असतो आणि तिसऱ्या पिनेला मागे तारच नसते. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर घरघर येत असेल तर टीव्हीपासून ॲम्पला ऑप्टिकल केबल लावा. तिच्यातून वीज जात नाही, घरघरही जात नाही.

मग पैसे कुठे लावायचे? स्पीकरवर. सगळ्या साखळीत आवाजाचा स्वभाव ठरवणारी वस्तू तीच, आणि वीस-पंचवीस वर्षं टिकणारीही तीच. चाळीस-पंचेचाळीस हजारांत आज व्हार्फडेल, क्यू अकॉस्टिक्स, एलॅक अशांच्या श्रेणीतली चांगली जोडी शोधता येते. ॲम्पला तीसेक हजार. यामाहा, डेनॉन अशा कंपनीचा साधा इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात), ब्लूटूथ आणि ऑप्टिकल इनपुट असलेला. स्टँड सहा-सात हजार. वायर दीड हजार. खोली दहा-बारा हजार. गाणं आणायला जुना मोबाइल आणि हजारभराचा यूएसबी हेडफोन अडॅप्टर पुरतो. तेवढ्याशा अडॅप्टरमधला डॅकही (डिजिटल फाइलचा आवाज करणारा भाग) आज कानाच्या हद्दीपलीकडे स्वच्छ असतो. बेरीज केलीत तर लाखाच्या आसपास येते. यातला ॲम्प आणि मोबाइल पाच-सात वर्षांनी बदलतील. स्पीकर राहतील.

हा आकडा कुणासाठी बदलेल तेही सांगते. वन आरके असेल, मुलांची परीक्षा असेल, तर पंधरा हजारांचे चांगले हेडफोन लाखाच्या सिस्टीमला मागे टाकतील. त्यांना खोलीच नसते. पण साठीच्या माणसाला डोक्यावर काही बांधून दोन तास बसायला आवडत नाही, आणि घरात कुणाशी बोलता येत नाही. तुमच्याकडे एवढे पैसे आत्ता नसतील तर चाळीस हजारांत ॲम्प आतच असलेले स्टुडिओसारखे ॲक्टिव्ह स्पीकर घ्या, पडदा आणि सतरंजी सोडू नका, आणि निर्धास्त राहा. उलट स्वतंत्र खोली असेल, पंधरा बाय वीसची, दारं-खिडक्या बंद होणारी, आणि ऑर्केस्ट्रा ऐकणारं कुणी असेल, तर अडीच-तीन लाखांचं कारण मी समजू शकते. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

जुना माल हाही एक चांगला रस्ता आहे. कोलकात्याच्या सोनोडाइनचे, इथल्या कॉस्मिकचे, किंवा जपानी सान्सुई-पायोनियरचे सत्तर-ऐंशीच्या दशकातले संच चोर बाजारात आणि ओळखीपाळखीतून अजून मिळतात आणि नीट दुरुस्त केले तर सुंदर वाजतात. पण तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा: जपानातून आलेला संच १०० व्होल्टचा, अमेरिकेतून आलेला १२०चा असतो, आणि आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घातला की क्षणात जळतो. वूफरच्या कडेला बोट लावा: रबर असेल तर ठीक, फोम असेल तर आपल्या दमट हवेत तो दहा-पंधरा वर्षांत बिस्किटासारखा चुरतो. आणि आवाजाचं बटण हळू फिरवा, डावा-उजवा येजा करत असेल तर आतले रिले आणि संपर्क खारट हवेने गंजलेले आहेत. दुरुस्तीला पाच-दहा हजार धरूनच सौदा करा.

रेकॉर्डबद्दल. बाबांना त्या वाजवायच्या आहेत की सांभाळायच्या, हे आधी त्यांनाच विचारा. वाजवायच्या असतील तर पंचवीस-तीस हजारांचं टर्नटेबल लागतं, ज्याच्या सुईचा दाब दीड-दोन ग्रॅमवर लावता येतो. सुटकेससारखे दिसणारे पाच-सहा हजारांचे प्लेअर पाच ग्रॅमपर्यंत दाब देतात आणि खाचा झिजवतात. चाळीस वर्षं जपलेल्या तबकडीवर ते लावू नका. त्या चाळीसांत जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांची खाच बरीच रुंद असते, तिला वेगळी जाड सुई हवी. माळ्यावर बारा पावसाळे काढलेत म्हणजे बुरशी असणारच. डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ कापड खाचेच्या दिशेने फिरवा, स्पिरिट लाखेच्या तबकडीला अजिबात लावू नका, ती विरघळते. नंतर उभ्या ठेवा, आडव्या रचू नका.

दुकानात ऐकायला जाताना बाबांना बरोबर न्या आणि त्यांचंच गाणं न्या. तिथला गालिचा, एसी आणि शांतता तुमच्या घरी नाही हे लक्षात ठेवा. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगा; जो जरासा मोठा असतो तो कानाला चांगला वाटतो, आणि हे प्रत्येक विक्रेत्याला माहीत असतं. घरी चार दिवस वाजवून बघायला देतात का, ते विचाराच. मी पाहिलेल्या चांगल्या विक्रेत्यांपैकी बरेच अनामत घेऊन देतात.

शेवटची गोष्ट मी नेहमी मुलांना सांगते, कारण पैसे देणारी मुलं असतात आणि ऐकणारे आई-बाबा. सिस्टीम एका बटणाने चालू झाली पाहिजे. दादरच्या एका घरी मी स्वतः बसवलेल्या संचावर सहा महिन्यांनी धूळ साचलेली पाहिली. इनपुट निवडा, ॲप उघडा, वाय-फाय जोडा, हे काकांना जमत नव्हतं आणि मुलगा बंगळूरला होता. विचारायला संकोच वाटायचा, म्हणून ते ट्रान्झिस्टरच लावून बसायचे. मी सगळं काढून एक मोबाइल कायमचा जोडून ठेवला, त्यावर त्यांच्या आवडीच्या गवयांच्या याद्या केल्या, भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी, आणि ॲम्पवर दोनच बटणांना लाल टिकल्या चिकटवल्या. ती चूक माझी होती आणि तेव्हापासून संच बसवल्यावर ज्याला ऐकायचंय त्याने माझ्यासमोर तो तीनदा चालू-बंद करून दाखवल्याशिवाय मी घरातून निघत नाही.

स्पीकर घेण्याआधी एका कागदावर हॉलचा नकाशा काढा. दारं, खिडकी, टीव्ही, दिवाण, पंखा, बोर्ड कुठे आहेत आणि बाबा दुपारी कुठल्या खुर्चीत बसतात, तेही. फुटांत मापं टाका, छताची उंची विसरू नका. तो मला दाखवलात तर स्पीकर नेमके कुठे ठेवायचे आणि पुढे भोक असलेले घ्यायचे की मागे, ते सांगते.